पट्टेवाल्यांचा हत्ती

आमच्या ह्यांनी उभं आयुष्य रस्त्यावर काढलं, असं मी एकदा एका नव्या ओळखीच्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी डोळ्यांत पाणी आणून माझा हात धरला. मग पुढचं सांगावं लागलं, की हे रस्ते खात्यात होते आणि रस्त्यावरचे पट्टे रंगवायचे. मधली रेषा, पायी चालणाऱ्यांसाठी आडवे पट्टे, वळणाचे बाण, शाळेपुढे 'हळू' अशी अक्षरं, सगळं ह्यांच्या हातचं. गल्लीत ह्यांना पट्टेवाले म्हणतात. नवा भाडेकरू आला की त्याला वाटतं, हे कुठल्याशा कचेरीत शिपाई असणार. तो येऊन साहेबांची सही लवकर कशी मिळवावी ते विचारतो. हे त्यालाही सल्ला देतात. कुणाला नाही म्हणायचा ह्यांचा स्वभाव नाही.

खात्यात रंग दोनच. पांढरा आणि पिवळा. तिसरा रंग कुणी मागितला नाही आणि ह्यांनी सुचवला नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा मला फिरायला नेलं ते नव्या चौकात. मला वाटलं, पुढे बाग असेल. बाग नव्हती. हे चौकाच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "हे माझे." समोर पांढरे पट्टे. मी कौतुकाने एक पाऊल पुढे टाकलं, तर दंड धरून मागे ओढलं. "थांब. ओले आहेत." नव्या नवरीला नवऱ्याने पहिल्यांदा हात लावला तो असा. मी देवाला म्हटलं, माणूस सरळ दिलास, आता तक्रार करायला जागा नाही.

आणि सरळ म्हणजे किती. दोरीवरचे टॉवेल एका रेषेत. दाराशी चपला एका रेषेत. घरातल्या घरात चालताना हे भिंतीच्या कडेने चालतात, आणि दोन माणसं समोरासमोर आली की हात वर करून एकाला थांबवतात.

एकदाच ह्यांच्या मनातलं बाहेर पडलं, निवृत्त झाले त्या आठवड्यात. चहा घेता घेता म्हणाले, "माझ्या कामावरून लोक गाडी घालतात गं. रोज."

"थांबतात की," मी म्हटलं. "लाल दिव्याला सगळे तुमच्या रेषेवर थांबतात."

"रेषा बघून थांबतात. रेषा बघायला कोण थांबतं?"

मी आणखी अर्धा कप चहा ओतला.

आता सूनबाईंचं सांगते. पोर गुणाची आहे, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज नको. ती छापखान्यात आहे. बिस्किटांची आणि गोळ्यांची वेष्टनं जिथे छापतात तिथे. दिवसभर यंत्रातून कागद धावत असतो आणि त्याचा लाल नमुन्याच्या लालाशी जुळतो की नाही हे तिने बघायचं. घरी येते तेव्हा डोळे चोळत येते. "आई, दिवसभर लाल-पिवळं बघून डोळे शिजतात माझे." म्हणून घरात तिने सगळं सायीच्या रंगाचं केलं. भिंती साय, पडदे साय, सोफा साय, चादरी साय. एकदा शेजारच्या काकूंची पांढरी मांजर दुपारभर आमच्या सोफ्यावर झोपली होती. संध्याकाळी आमचे चिरंजीव तिच्यावर बसले तेव्हा घरात मांजर आहे हे सगळ्यांना कळलं.

नात आमची सात वर्षांची. अंगाने एवढीशी आणि बोलायला झणझणीत, म्हणून मिरी. तिची वेगळी खोली होती, तीही सायीची, पण मिरी झोपायची आईबापांच्या मध्ये, आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरायची. चिरंजीवांच्या नाकावर टाच आणि सूनबाईंच्या पोटात डोकं. सकाळी दोघं कुस्ती हरल्यासारखे उठायचे.

"स्वतःच्या खोलीत का नाही जात गं?" मी विचारलं.

"तिथे काहीच नाहीये."

"पलंग आहे, कपाट आहे, टेबल आहे."

"दिसत नाहीत ना ते."

"मग तुला काय हवंय तिथे?"

"सगळं," मिरी म्हणाली.

सूनबाईंना कामाच्या प्रशिक्षणासाठी आठवडाभर बाहेरगावी जायचं होतं. आदल्या संध्याकाळी मिरीने आजोबांच्या मांडीवर बसून मागणी पुढे केली: खोली आजोबांनी रंगवायची, आणि ती सांगेल तशी. सूनबाईंनी डोळे मिटून थोडा विचार केला. मग म्हणाली, "बाबा, रंगवा. पण मी परत आल्यावर मला त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहवलं पाहिजे. नाही राहवलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा साय. मग कुणी रडायचं नाही. तुम्हीसुद्धा."

"कबूल," हे म्हणाले.

चिरंजीवांकडे बघितलं तर ते म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." ते जन्मल्यापासून हेच म्हणतात.

जाताना सूनबाईंनी सायीचा एक मोठा डबा आणून बाहेरच्या खोलीत ठेवला. आठवडाभर तो तिथे लग्नात रुसलेल्या मामासारखा बसून होता. येता जाता हे त्याच्याकडे बघायचे आणि नजर चुकवायचे. मला ठाऊक होतं, ह्यांना भीती साय फासावी लागण्याची नव्हती. आयुष्यात एकदाच असं काम हातात आलं होतं जे कुणी पायाखाली घालणार नव्हतं. तेही पुसलं गेलं तर पुन्हा कुठून येणार?

आजोबा आणि नात रंगांच्या दुकानात गेले, मी पिशव्या धरायला. दुकानदाराने विचारलं, "कुठला रंग देऊ?" मिरी म्हणाली, "कुठला नको ते विचारा, लवकर होईल." त्याने रंगांच्या छटांचं जाड पुस्तक ह्यांच्या पुढे ठेवलं. ह्यांनी ते उघडलं आणि बराच वेळ मिटलंच नाही. एकेका चौकोनावर बोट ठेवत गेले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "एवढे होते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात. ह्यांनी खात्याचं चमकणारं जाकीट घातलं. निवृत्तीच्या वेळी ह्यांच्या सोबत्यांनी घड्याळ द्यायच्या ऐवजी रस्त्यावर ठेवायचे दोन केशरी शंकू दिले होते. ते माळ्यावरून उतरले. एक बोळाच्या ह्या तोंडाशी, एक त्या. न्हाणीघराकडे जाणारी सगळी वाहतूक स्वयंपाकघर आणि गॅलरीमार्गे वळवण्यात आली. चिरंजीव टॉवेल खांद्यावर टाकून शंकूपाशी उभे.

"बाबा, मला कामावर जायचंय."

"समोरून आई येतेय. तिला येऊ दे."

"ती बादली घेऊन उभी आहे नुसती."

"मग तिला विचार, येणार आहे का."

मी म्हटलं, "मी नाही येत, मला फक्त बघायचंय," तेव्हा कुठे चिरंजीवांना सोडलं.

खोलीतलं सामान मधोमध ढीग करून त्यावर जुन्या चादरी टाकल्या, आणि भोवतीच्या अरुंद वाटेने हे फिरायला लागले. छत निळं झालं. दार जांभळं झालं. कपाट केशरी आणि त्याचे खण पोपटी. खिडकीची चौकट लाल. एका भिंतीवर गुलाबी आणि पिवळे पट्टे, ते तर ह्यांनी डोळे मिटूनही मारले असते. समोरच्या भिंतीवर केळीएवढी हिरवी पानं आणि त्यांतून डोकावणारे पक्षी. मिरीने एक पक्षी स्वतः काढला. त्याला पाय पाच आहेत, कारण पक्षी उडत असल्यामुळे ते मोजायला लागत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मला पडदे शिवायला सांगितलं. मी माझा फुलाफुलांचा जुना झगा, चौकड्यांचं टेबलपोस, ठिपक्यांचे अभ्रे आणि चिरंजीवांचा लहानपणीचा पिवळा सदरा असं सगळं कापून जोडलं. खाली लोकरीचे गोंडे लावले. मला वाटलं, झालं. मिरीने कमरेवर हात ठेवून पडदा पाहिला.

"आजी, इथे रिकामं राहिलंय."

"तो शिवणीचा भाग आहे बाळा."

"शिवणीवर काही नसतं का?"

शिवणीवर मणी लावले. दिव्याच्या टोपीला झालर लावली. जमिनीवर चिंध्यांचा गालिचा आला. मी रोज संध्याकाळी म्हणायचे, आता पुरे. आजोबा नातीकडे बघायचे, नात म्हणायची, अजून थोडं, आणि आजोबा शंकू उचलून पुन्हा मांडायचे. चार दिवसांत माणूस दहा वर्षांनी लहान झाला. जेवताना ह्यांच्या कानामागे निळा ठिपका असायचा आणि मी तो मुद्दाम दाखवत नसे.

राहिली ती पलंगाकडची लांब भिंत. मिरीने फर्मान काढलं, "इथे हत्ती. लाल."

ह्यांनी जन्मात बाणाखेरीज सजीव काही काढलं नव्हतं. पण हे कबूल झाले. उशीकडच्या कोपऱ्यात गुडघे टेकले, गाल भिंतीला लावला, एक डोळा मिटला आणि भिंतीच्या पार टोकापर्यंत नजर नेली. तिकडे मिरी खडू घेऊन उभी. "वर. अजून वर. थोडी तुझ्या उजव्या हाताला. तिथे खूण कर." रस्त्यावर हे आणि ह्यांचा मदतनीस जसं करायचे तसंच. खुणा जोडून आकार झाला. आकारात लाल भरला. मध्ये डबा संपला, तर दुसरा आणला. समोरून बघायला जागाच नव्हती, मध्ये सामानाचा डोंगर होता. मीही बघितलं ते तुकड्यातुकड्याने. इथे सोंड, तिथे शेपूट. वाटलं, मस्त जमलंय.

सूनबाई यायच्या दिवशी दुपारी, मिरी शाळेत असताना, आम्ही सामान जागेवर लावलं. पलंग भिंतीला, उशी कोपऱ्यात. मग दारात उभं राहून पहिल्यांदा अख्खी भिंत बघितली.

ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

तेवढ्यात शेजारच्या काकू मांजर शोधत आल्या. त्यांनी आमच्या मधून डोकं घातलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, मगर केवढी काढलीय."

"हत्ती आहे," हे म्हणाले.

"हो का?" काकूंनी मान तिरकी केली. "मग ताणलाय का त्याला कुणी?"

खोटं कशाला बोला. हत्ती भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. पोट आगगाडीच्या डब्यासारखं. पुढच्या पायांना मागच्या पायांची खबर हवी असेल तर पत्र टाकावं लागलं असतं. कान असे की आडवे वाळत घातलेले. काकू मांजरीला हाका मारत गेल्या. हे तसेच उभे.

"सवय," शेवटी म्हणाले. "हात सवयीने गेला."

मग मला समजावलं. रस्त्यावरची अक्षरं साधी काढली तर गाडीवाल्याला चेपलेली दिसतात, कारण तो लांबून आणि तिरकं बघतो. म्हणून ती लांबच लांब ओढून काढायची. जवळ उभं राहिलं तर ती वेडीवाकडी वाटतात, लांबून नीट. "मी भिंतीवर रस्ता काढलाय," हे म्हणाले. "हत्ती नाही काढला."

"मिरीला आवडेल," मी म्हटलं.

"मिरीने वर्गात सगळ्यांना सांगितलंय. त्या पोरी येतील बघायला. हसतील तिला." आणि मग, जरा थांबून, "सूनबाई दमून येणार. तिने बघून नाही म्हणण्यापेक्षा मीच साय फिरवून टाकतो. निदान ही भिंत."

बाहेरच्या खोलीतला डबा उचलून आणला. झाकण उघडलं. काठीने ढवळायला लागले. ज्या हाताने लाल मारताना गुणगुणत होते त्याच हाताने.

मी देवापुढे जाऊन बसले. म्हटलं, हे बघ, तू हत्तीचं नाक ओढून जमिनीपर्यंत आणलंस, तेव्हा तुला कुणी साय फिरवायला सांगितलं नाही. ह्यांनी फक्त उरलेला हत्ती ओढलाय. एवढं तू सांभाळून घे. देव काही बोलला नाही, पण दाराची कडी वाजली आणि मिरी शाळेतून आली.

मी मागोमाग धावले. मिरी बुटांसकट पलंगावर पडलेली, डोकं उशीवर, तोंड भिंतीकडे. हे लांब दांड्याचा रूळ सायीत बुडवून उभे, सायीचा थेंब नव्या गालिच्यावर पडतोय.

"उतर बाळा," हे म्हणाले. "चुकलाय तो. नीट करतो."

"कुठे चुकलाय? बघतोय की माझ्याकडे."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"मी कशाला तुम्हाला बरं वाटवू? झोपा ना इथे. चष्म्यासकट झोपा."

नातीपुढे कुणाचं चालतं? हे जाकीट आणि रूळ दोन्हींसकट आडवे झाले. गाल भिंतीला लावला. मग बारीक आवाजात हाक आली, "अगं, इकडे ये."

"माझे गुडघे..."

"गुडघे राहू देत, तू ये."

पलंग एकाचा, त्यावर आम्ही तिघं. मी कशीबशी कडेला लटकून मिरीच्या डोक्यावरून गाल भिंतीला टेकवला आणि बघितलं. हत्ती उभा होता. चांगला चार पायांचा, जाडजूड, जागच्या जागी. भिंतीतून बाहेर येत होता आणि सोंड थेट आमच्या नाकांवर. मी नकळत डोकं मागे घेतलं.

नेमक्या त्या वेळी बोळातून आवाज आला. "आई? बाबांना बरं नाहीये का?"

सूनबाई दारात. खांद्यावर बॅग, पायात चपला, आणि समोर घरातली तीन माणसं पालींसारखी भिंतीला चिकटलेली. तिने एकदा छत पाहिलं. मग कपाट. मग माझा पडदा. मग डोळे घट्ट मिटले आणि दाराच्या चौकटीला धरलं. चौकट ओली नव्हती, नशीब.

हे झटकन उठले आणि साहेब तपासणीला आल्यासारखे ताठ उभे राहिले. "डबा उघडलेला आहे," म्हणाले. "तू सांगशील तर आत्ता सुरू करतो."

"आई, तू इथे झोप," मिरी म्हणाली.

"मला आधी बसू तर दे गं."

"बसून नाही दिसत. झोपूनच."

सूनबाई प्रवासाने एवढी शिणलेली, की तिला झोप म्हटलेलं कुठेही चाललं असतं. बॅग खाली टाकली आणि मिरीच्या शेजारी आडवी झाली. गाल भिंतीला. आम्ही दोघं उभे. हे श्वाससुद्धा मोजून घेत होते. वेळ जात राहिला. चिरंजीव कामावरून आले, दारातून बघितलं, म्हणाले, "दोघांचंही..." आणि मी त्यांना हाताने गप्प केलं. मला वाटलं, ही झोपलीच.

"बाबा," पलंगावरून आवाज आला. "हा लाल एक नाहीये."

"म्हणजे?"

"पोटापर्यंत एक. पुढे दुसरा. मध्येच डबा बदललात?"

हे चपापले. "पहिला संपला. दुकानदार म्हणाला, तोच आहे."

"तोच कसला. मागचा भाग केशरीकडे झुकलाय. दिसत नाही का तुम्हाला? अर्धा हत्ती एका कारखान्यातला, अर्धा दुसऱ्या." ती उठून बसली. "असं माझ्या यंत्रावरून सुटलं असतं तर मला दारात उभं केलं नसतं कुणी."

"मग साय..."

"सायीने लाल सुधारतो का बाबा?" तिने डब्याचं झाकण तळव्याने दाबून बसवलं आणि त्याच डब्यावर बसली. "उरलेला लाल कुठाय? आणि निळा आणा. थेंबभर."

"निळा? हत्तीत?"

"केशरी उतरवायचाय ना."

"गुलाबी टाकला तर?"

"बाबा, लाल मला शिकवू नका."

वाटी आली, काडी आली, सूनबाई बाह्या सारून रंग ढवळायला लागली. कागदावर ठिपका टाकायचा, भिंतीशी धरायचा, मान हलवायची, पुन्हा ढवळायचं. मनाजोगा जमला तेव्हा स्वतःच ब्रश घेऊन मागच्या पायाकडे वळली. हे पाठीमागे घिरट्या घालत होते.

"रेषेबाहेर जातेयस."

"नाही जात."

"गेलीस. रेषा मला शिकवू नकोस."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, तुझे डोळे शिजतात ना?"

ती ब्रश थांबवून जरा विचारात पडली. "तिथे सगळं धावत असतं आई. एक बघेपर्यंत शंभर पुढे गेलेले असतात. हा उभा आहे." मग लगेच आवाज बदलून, "पण हे दार लावून घ्यायचं. दाराबाहेर एक ठिपकासुद्धा आला तर बघा. आणि ह्या गालिच्यावर साय कुणी सांडली?"

चिरंजीव भिंतीकडे बघू लागले.

जेवायला तीनदा हाका मारल्या, एकही जण हलला नाही. शेवटी मीच ताटं घेऊन आत गेले. खोलीत पाण्याचा पेलाही नेऊ न देणारी आमची सूनबाई जमिनीवर मांडी घालून जेवत होती, लाल बोटं ताटाबाहेर धरून. मिरी बुटांसकट तशीच झोपून गेली होती, कुणाच्या नाकावर टाच न ठेवता. मी तिचे बूट काढले आणि पांघरूण घातलं. मनातल्या मनात हात जोडले.

"हा मागचा पाय उद्या पुन्हा करू," सूनबाई घास घेता घेता म्हणाली. "आज वाळू दे."

ह्यांनी मान हलवली. ह्यांचं ताट तसंच होतं. हे हत्तीकडे बघत नव्हते. ती बघतेय की नाही, ते बघत होते.